वाटीभर दुखतंय, म्हणालीस

कुसुम,

तुझ्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. माझं नाव पुकारलं, सगळ्या माना वळल्या, आणि मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसून राहिले. उठले असते तर दोन शब्दांत भागलं नसतं. आणि जे तोंडातून आलं असतं ते शाळेच्या हॉलमध्ये शोभलं नसतं, समोर आठवी-नववीची पोरं बसली होती. म्हणून आता घरी बसून लिहितेय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. इतकी वर्षं गणित शिकवतेय, एवढं तर कळतंच.

हेडसर काय म्हणाले सांगू? 'हसतमुख व्यक्तिमत्त्व.' तू! अगं, तू हसलीस की पोरं घाबरायची, आज कुसुमबाईंना झालं तरी काय म्हणायची. 'सर्वांशी मिळूनमिसळून वागणाऱ्या.' अर्धा स्टाफ तुझ्याशी बोलत नव्हता आणि उरलेल्या अर्ध्याशी तू बोलत नव्हतीस. माझ्याशी तेवढी बोलायचीस, तेही भांडायला. 'काळाने घाला घातला' हेही झालंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळाने कसला घाला घातला? तू तुझ्या तोंडाने नीट सांगितलं असतंस तर काळ आणखी वीस वर्षं वाट बघत बसला असता.

मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलो. स्तब्ध आम्ही, शेजारचा लूमचा कारखाना नव्हे. भिंतीपलीकडे खटाक खटाक चालूच होतं. मला बरं वाटलं. निदान त्यांनी तुझ्यासाठी सोंग तरी केलं नाही.

आणि शेवटी, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून, चष्मा पुसत, हेडसर म्हणाले, "जिन्याखालची खोली आता रिकामी झाली आहे, तिथे खेळाचं सामान हलवता येईल." रिकामी झाली! तुझा पुण्यानुमोदनाचा विधी व्हायचा होता अजून. टेमघरला तुझ्या घरासमोरचा मांडव तसाच उभा होता. यांना बॅटी आणि लेझीम ठेवायची घाई.

बाहेरच्या माणसाला त्या खोलीचं काय कळणार. एक चटई, एक खुर्ची, आणि वर जिना असल्यामुळे एका बाजूला वाकून चालावं लागायचं. सोमवारी शेवटच्या दोन तासांत तिथे एकेक पोर यायचं. तू खुर्चीवर कधी बसली नाहीस, त्याच्यासमोर चटईवर बसायचीस आणि विचारायचीस, भीती वाटते का? वाटते तर केवढी? बस. एवढंच चालायचं तिथे. आणि या 'केवढी'वरून आपण उभा जन्म भांडलो.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. भीती मोजता येत नाही. मी गणिताची बाई आहे, मोजता काय येतं आणि काय नाही हे मला तुझ्याहून जास्त कळतं. लांबी मोजता येते, वजन मोजता येतं. पोराच्या पोटातला गोळा कशाने मोजणार? पट्टी लावणार? तू डब्यातली भाकरी तोडत शांतपणे म्हणायचीस, "विमल, पोराला ताप आला तर आई कपाळाला हात लावते. डॉक्टर म्हणाला एकशे चार, की तीच आई रिक्षा करून पळते. आणि पोर घाबरतं म्हटलं की तीच आई पाठीत धपाटा घालते. का? तर आकडा नाही. आकडा नसला की लोकांना ते नाटक वाटतं."

मी म्हणायचे, आकडा आला की लोक हात झटकतात. तू म्हणायचीस, झटकू दे, आधी हातात तरी घेऊ दे. घंटा व्हायची, डबे बंद, भांडण उद्यावर. असं किती भांडण उद्यावर राहिलंय कुसुम, आता त्याचं काय करू मी?

मनीषाची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, तुझी आण होती. पण ती पोर आता मोठी झाली, कल्याणला नोकरी करते, आणि तिनेच फोनवर मला म्हटलं, बाई, सांगा सगळ्यांना. तेव्हा सांगते.

ती सातवीत होती त्या वर्षी मुंबईहून एक साहेब आले. कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे. शाळकरी पोरांची चिंता किती तीव्र असते ते मोजायचं, असा त्यांचा अभ्यास. परदेशातली प्रश्नावली मराठीत करून आणली होती. वाक्य वाचायचं आणि पुढच्या चार चौकोनांपैकी एकात खूण करायची. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. कधीच नाहीला शून्य, नेहमीला तीन. बेरीज केली की पोराच्या भीतीचं माप तयार. तू मराठी शिकवायचीस म्हणून वाक्यं मोठ्याने वाचून दाखवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं.

आता या साहेबांना काय माहीत की आदल्या दिवशी आपले हेडसर वर्गात जाऊन काय बोलून आले होते. "उद्या मुंबईच्या साहेबांचा पेपर आहे. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे. नीट लिहा." झालं! पोरं दुसऱ्या दिवशी दही-साखर खाऊन आली. क्लिपवाले पॅड, नव्या रिफिली, कपाळाला अंगारा. एका पोराची आई तर फाटकाबाहेर उभी होती, पेपर सुटेपर्यंत.

तू वाक्य वाचलंस, 'मला अंधाऱ्या खोलीत एकटं झोपायला भीती वाटते.' मागच्या बाकावरून हात वर. "बाई, एकटं म्हंजे कुठं?" बिचाऱ्याचा प्रश्न खरा होता. एका खोलीत दहा माणसं, दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गोधडीत शिरणार. एकटं झोपायचं कधी आणि कुठं? सगळ्या वर्गाने 'कधीच नाही'वर खूण केली. म्हणजे आपली भिवंडीची पोरं काय शूर!

आणि बाकीच्या वाक्यांना त्यांनी काय केलं? जे ते प्रत्येक पेपरात करतात तेच. पहिल्या नंबरच्या पोरीचं बघून लिहिलं. मनीषा पुढच्या बाकावर मध्ये बसायची. तिच्या शेजारचीने तिचं बघितलं, मागच्याने शेजारचीचं, आणि उत्तर हळूहळू खिडकीपर्यंत पोचलं. कुठला चौकोन बरोबर ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मनीषाचं चुकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या महिन्यात साहेब परत आले, गठ्ठा टीचर्स रूमच्या टेबलावर टाकला आणि चहा पिता पिता हसायला लागले. "तुमचा अर्धा वर्ग अतितीव्र चिंताग्रस्त आहे. आणि सगळे अगदी सारखेच चिंताग्रस्त आहेत. बाई, ही चिंता नाही, ही कॉपी आहे." सगळी हसली. हेडसरांचा चेहरा पडला, नाक कापलं गेलं ना त्यांचं. गठ्ठा बाद.

तू एकटी हसली नाहीस. म्हणालीस, "कॉपी मान्य. पण कॉपी झाली ती कुणाच्या उत्तरांची?"

साहेब म्हणाले, "त्याने काय फरक पडतो? पूर्ण वर्गच बाद करावा लागतो."

"पूर्ण वर्ग करा बाद. पण एकीने तर कुणाचं बघून लिहिलं नाही ना? तिचं काय?"

"एका मुलीवरून अभ्यास होत नसतो, बाई."

तुझा चेहरा मी बघितला. मला वाटलं आता चहाचा कप भिरकावतेस. पण तू नुसती उठून वर्गावर गेलीस. त्या माणसाचा आजही मला राग येतो. वाईट नव्हता, त्यातच तर सगळं आलं. हसरा, सभ्य माणूस. भीती मोजायला मुंबईहून एवढ्या लांब आला, आणि सगळ्यात घाबरलेलं पोर मोजून झाल्यावर त्याने ते केराच्या टोपलीत टाकलं.

मीही तुला अडवलंच होतं. म्हटलं, अगं, पोर हुशार आहे, तिला वाटलं असेल तीन म्हणजे जास्त मार्क. आणि मी ते उगाच नव्हते म्हणत. आपल्या पोरांना मोठा आकडा दिसला की तोच बरोबर वाटणार. तू म्हणालीस, "मग अंधाऱ्या खोलीच्या वाक्यापुढे तिने 'कधीच नाही' का लिहिलं? तिथे नको होते मार्क? साहेब कागद उलटत होते तेव्हा बघितलं मी. तिने एकेक वाक्य वाचून लिहिलंय, विमल."

यावर मी जास्तच चिडले. मग तू म्हणालीस, मनीषा कोन गावची, तुझं माहेरही कोनचं, रविवारी मला तिच्या घरी ने.

तो रविवार मला पुरता आठवतो. मनीषाच्या बापाने, काशिनाथदादाने, रस्त्याकडची जमीन नुकतीच विकली होती. नवं स्लॅबचं घर, दारात जीप, घरात रंगीत टीव्ही. मला बघून खूश झाला. "ये विमलताय, बस." तुझ्याकडे बघून जरा थांबला. आडनाव ऐकलं होतं त्याने. चहा आला. माझा कपबशीत, तुझा स्टीलच्या पेल्यात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तुझ्यासमोरचा पेला उचलून माझ्याकडे घेतला आणि कपबशी तुझ्यासमोर सरकवली. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तू कपातला चहा प्यायलीस आणि मनीषाबद्दल विचारलंस.

"पोरीला काय झालंय? काय न्हाय झालं," काशिनाथदादा म्हणाला. "सकालची जरा वकते. पित्त हाय. जंताचं औषध दिलं, भगताकडं पण नेली. आता शालेत जायचं म्हटलं की पोट धरून बसते. मी म्हंतो, नको जायचं तर नको जाव. घरी बस. दोन वरसांनी चांगलं घर बघून लगीन लावून देऊ, हाय काय न् न्हाय काय."

पहिल्या नंबरची पोर. माझी सगळ्यात लाडकी, भूमितीचं प्रमेय असं मांडायची की बघत राहावं. आणि बाप म्हणतो घरी बस. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्या पायावर पाय दिलास.

मनीषा पाणी भरायला निघाली होती. तू उठलीस आणि एक कळशी उचलून तिच्याबरोबर चालू लागलीस. मीही मागून. नळावर रांग होती. पुढे लहान पोरं तांब्या घेऊन, त्यांच्यामागे कळशीवाल्या पोरी, मग हंडेवाल्या बाया. तू रांगेकडे बघत म्हणालीस, "मनीषा, भीती वाटते ना तुला? नको सांगू कशाची. केवढी, ते सांग. वाटीभर? तांब्याभर? कळशीभर? का हंडाभर?"

पोरीने हातातला हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. मग म्हणाली, "बाई, हंडा भरला की खाली ठेवता येतो. माझा नलच बंद होत न्हाय."

तू तिच्या हातातला हंडा घेतलास. मला मात्र रडू आवरेना, आणि मी नळावरच्या बायांवर उगाच खेकसले, काय बघताय म्हणून.

घरी परत आल्यावर तू काशिनाथदादाला एकच विचारलंस. "दादा, पोरीला एकशे चार ताप असता तर काय केलं असतं?"

"काय म्हंजे? कल्याणला नेली असती, आत्ताच्या आत्ता."

"मग हा एकशे चार आहे. दिसत नाही एवढंच. थर्मामीटर नाही त्याला, पण मी मोजून आलेय."

तो माणूस शिकलेला नव्हता, पण आपल्या साहेबांपेक्षा बरा. तुझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही येणार का संगती?" दुसऱ्या दिवशी जीपमधून कल्याणला गेलो. डॉक्टरांनी मनीषाला तासभर आत घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, बरं झालं आणलीत, आजार आहे आणि अंगावर काढण्यातला नाही.

पण त्या रविवारी परत येताना रिक्षात तू मला झापलंस ते मी विसरलेले नाही. मला वाटलं होतं तू चहाच्या कपाबद्दल काहीतरी गोड बोलशील. तू म्हणालीस, "माझ्या नावाने नाटकं करू नकोस. पेल्यातला चहा मी जन्मभर पीत आलेय, एक आणखी प्यायले असते. मी पोरीसाठी गेले होते. त्या कपावरून बाप बिनसला असता तर?" मी म्हटलं, मग काय गप्प बसू? तू म्हणालीस, "बस. एक दिवस बस. पोरगी सुटू दे, मग कर काय करायचं ते." मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुझंही चुकलं नव्हतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं मला?

मग तुझं ते वाटी, तांब्या, कळशी, हंडा सुरू झालं. दर आठवड्याला मनीषाला विचारायचं, केवढी? कल्याणच्या डॉक्टरांनाही तेच सांगायचं. मी तुझी टर उडवायचे. "वाटी म्हणजे किती मिलिलिटर गं? आमटीची का शिकरणीची?" तू म्हणायचीस, "तिची वाटी तिला माहीत आहे. मला मिलिलिटर नकोत. गेल्या आठवड्यापेक्षा कमी आहे का जास्त, आणि ती खाली ठेवता येते का नाही, एवढंच हवंय." खाली ठेवता येते का, हा प्रश्न तुला मनीषाने दिला. तो त्या परदेशी कागदावर नव्हता.

जिन्याखालची खोली तुला मिळाली ती तुझ्या कामामुळे मिळाली असं आता सगळे म्हणतात. सभेतही म्हणाले. थापा! तू वर्षभर मागत होतीस, हेडसर वर्षभर 'बघू' म्हणत होते. पुढच्या वर्षी काशिनाथदादा पांढरे कपडे घालून शाळेत आला, पोरांना प्यायच्या पाण्याची टाकी बांधून दिली आणि जाता जाता म्हणाला, आमच्या कुसुमबाईंना बसायला जागा द्या. आठवड्याच्या आत किल्ली तुझ्या हातात. हेडसर तुझ्या शब्दाने हलले नाहीत, टाकीने हलले. तू म्हणालीस, मिळाली ना खोली? मग झालं. तुझं हे 'मग झालं' ऐकलं की मला तुझे केस उपटावेसे वाटायचे.

मनीषा दहावीला बसली. पहिली येणार म्हणून मी बोर्ड रंगवून घ्यायच्या तयारीत. आली कितवी? सातवी की आठवी. गणितात तर निम्म्याच्या जरा वर. मी घरी येऊन जेवले नाही. आणि तू दुसऱ्या दिवशी टीचर्स रूममध्ये पेढे घेऊन आलीस! "पहिली नाही आली," तू म्हणालीस, "विमल, ती पहिली नाही आली, आणि रात्री झोपली, आणि सकाळी पोहे खाल्ले तिने." मी पेढा घेतला नाही. तुला म्हटलं, तू पोरीचं नुकसान केलंस, भीती काढता काढता तिची धारही काढलीस. तू पहिल्यांदा माझ्यावर ओरडलीस, सगळ्यांसमोर. "धार कुणाला हवी होती? तिला का तुला?" हे भांडणही तसंच राहिलंय. मी अजून त्याचं उत्तर शोधतेय. मनीषाला फोनवर विचारावंसं वाटलं होतं, धीर झाला नाही.

मुंबई पेटली त्या हिवाळ्यात आपल्या गावाने निभावलं, पण पोरं? दप्तरात चिवड्याच्या पुड्या भरून आणायची, घरी जाता आलं नाही तर म्हणून. मी तुला म्हटलं, आता तुझं माप गुंडाळून ठेव. सगळ्यांनाच हंडाभर आहे, मोठ्यांनासुद्धा. मोजायचं काय? तू म्हणालीस, "सगळ्यांना आहे म्हणूनच मोजायचं. महिन्याभराने बाकीच्यांची उतरेल. ज्याची उतरणार नाही ते पोर मला तेव्हा सापडायला हवं. आत्ताच मोजलं नाही तर उतरली का नाही कशावरून कळणार?" आणि तू सगळ्या शाळेला विचारत फिरलीस, वर्गावर्गात, मराठीत, हिंदीत. महिन्याभराने परत विचारलंस. ज्यांची उतरली नव्हती अशी चार-पाच पोरं तुला सापडली. त्यातल्या एकाच्या बापाला समजावायला आपण कारखान्यात गेलो होतो. तो लूमच्या आवाजावरून ओरडून म्हणाला, "मॅडम, लडका डरता है तो डरने दो, सब डरते हैं!" तू त्याच्याहून मोठ्याने ओरडलीस, "सब का उतर गया, इसका नहीं उतरा!" सगळे कामगार बघायला लागले. मला तेव्हा तुझा एवढा अभिमान वाटला होता. तोंडाने मात्र म्हटलं, केवढ्याने ओरडतेस मेली.

मेली. उठता बसता म्हणायचे मी तुला. आता तो शब्दच तोंडातून निघत नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. दिवाळीनंतर तू डबा अर्धा ठेवायला लागलीस. जिना चढताना थांबायचीस. मी विचारलं, काय गं, काय होतंय? तू छातीवर हात ठेवून म्हणालीस, "गॅस. वाटीभर दुखतंय." आणि हसलीस. हसलीस, कुसुम! तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. पण आपण दोघी त्यावर हसलो आणि मी विचारलं, आमटीची वाटी का शिकरणीची.

तू गेलीस त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझे मिस्टर माझ्यासमोर रडत होते. "मलाही ती गॅसच म्हणाली हो बाई. ओवा खायची." डॉक्टर म्हणाले, बरेच महिने दुखत असणार, एवढं दुखणं माणूस लपवतो कसं? मी त्यांना सांगणार होते कसं ते. तुला दुखण्याची पातळी सांगता येत नव्हती असं नाही. साऱ्या भिवंडीत ती तुझ्याइतकी नीट कुणाला सांगता येत नसेल. तुला माहीत होतं की तू हंडा म्हणाली असतीस तर मी तुला त्या दिवशी उचलून ठाण्याला नेलं असतं. म्हणून तू वाटी म्हणालीस. ढळढळीत खोटं बोललीस माझ्याशी, तुझ्याच मापात. पोरांनी खरं सांगावं म्हणून त्यांच्यासमोर चटईवर बसायचीस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा? कशाला लपवलंस? सोमवार बुडेल म्हणून? खोली जाईल म्हणून? गेलीच की खोली! खोलीसाठी मेलीस आणि हे खोलीत लेझीम भरायला निघाले.

मला तुझा एवढा राग आलाय की तुझ्या फोटोला मी फूलही वाहिलं नाही.

तर हे असं. सभा झाली शुक्रवारी. सोमवारी मी हेडसरांच्या ऑफिसात गेले आणि किल्ली मागितली. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुमचा तर यावर विश्वास नव्हता."

"अजूनही नाही," मी म्हटलं. "किल्ली द्या."

"शिपायाला सामान हलवायला सांगितलंय मी."

"सांगा की. मी आत बसलेली असेन, माझ्या डोक्यावरून हलवा म्हणावं."

दिली किल्ली. माझ्या तोंडाला लागायची त्यांची कधीच तयारी नसते, तुला माहीत आहे.

शेवटच्या दोन तासांना जाऊन बसले. खुर्चीवर नाही, चटईवर. गुडघे दुखतात माझे, तरी बसले. वाटलं होतं कुणी येणार नाही, आणि खरं सांगू, येऊ नये असंच वाटत होतं. पण सहावीतली लक्ष्मी आली. दोन वेण्या, गुडघ्यावर मोठं खरचटलेलं. तू तिच्याबरोबर किती सोमवार बसली होतीस, काय बोलायचात, मला काही म्हणजे काही माहीत नाही. सांगून गेली नाहीस. एक शब्द नाही. उंबऱ्यावरून तिने मला बघितलं आणि परत फिरणार होती. मी म्हटलं, ये. आली, बसली, फ्रॉक गुडघ्यावर ओढून घेतला.

मी विचारलं, "भीती वाटते का गं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी वर्गात ओरडते हे सगळ्या शाळेला माहीत आहे, तेच आठवत असेल बिचारीला. मला वाटलं आता रडते. पुढे काय विचारायचं मला सुचेना. आणि मग ती अगदी हळू, तू विचारायचीस तशी, म्हणाली,

"बाई, तुम्हाला वाटते?"

इतकी वर्षं आपण एका बाकावर डबा खाल्ला, कुसुम. गावभरच्या पोरांना विचारलंस तू हे. मला कधी विचारलं नाहीस. मी तुला विचारलं नाही. भांडायला मात्र रोज वेळ होता दोघींना.

मी म्हटलं, "हो. वाटते."

"केवढी?"

मी तोंड उघडलं मात्र. एवढी मोठी बाई, त्या पोरीसमोर पदर तोंडात कोंबून बसले. जिन्यावरून वर्ग सुटल्यासारखे पाय धावत होते, बाहेर कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं. लक्ष्मी उठली. मला वाटलं पळाली. तिने दार आतून लोटून घेतलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.